आठ मेगाहर्ट्झमधलं एचडी

31 ऑक्टोबर 2012च्या मध्यरात्री मुंबईतल्या केबलचं ॲनालॉग प्रक्षेपण कायद्याने बंद झालं. मूळ मुदत 30 जूनची होती, ती चार महिने पुढे गेली. मुंबईच्या हद्दीवरच्या मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे सेट-टॉप बॉक्स नसेल तर पडद्यावर मुंग्या. पलीकडचं ठाणं डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, तिथे जुन्या चित्राला 31 मार्च 2013पर्यंतची मुभा.

घाटकोपरच्या चाळींत, बोरिवलीच्या सोसायट्यांत गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या वायरीत एकेका चॅनेलला सात-आठ मेगाहर्ट्झ लागत. शंभरेक चॅनेलांत वायर भरून जाई. म्हणून मोक्याची जागा मिळवायला वाहिन्या केबलवाल्यांना कॅरेज फी मोजत. डिजिटल झाल्यावर त्याच आठ मेगाहर्ट्झमधून सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट जाऊ लागले. एचडीचं कच्चं चित्र मात्र सेकंदाला जवळपास दीड गिगाबिटचं. अशी चार चॅनेलं त्या जागेत बसवायची तर प्रत्येक चित्र दीडशे पटींहून जास्त दाबावं लागतं.

डीटीएचवाल्यांची अडचण उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरची. 2003चं डिश टीव्ही आणि 2006चं टाटा स्काय एमपेग-2 या चित्र दाबण्याच्या तंत्रावर सुरू झालं. 2007च्या अखेरीपासून आलेले सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल थेट एमपेग-4 घेऊन उतरले. तितकंच चित्र जवळपास निम्म्या बिटांत. जुन्यांच्या गळ्यात मात्र एमपेग-4 न वाचणारे लाखो जुने बॉक्स होते. 2010 साली राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दिसल्या आणि जागेची ओढाताण उघड झाली.

दाबणं म्हणजे आधीच्या चौकटीत जे होतं ते पुन्हा न पाठवणं. बातम्या देणारी निवेदिका स्वस्तात जाते, फक्त ओठ आणि पापण्या हलतात. विसर्जनाचं थेट प्रक्षेपण याच्या अगदी उलट. गुलाल उधळला की हवेतला कण न् कण नवा, गर्दीतलं प्रत्येक डोकं हलतं, कॅमेराही फिरत असतो. आधीच्या चौकटीतलं उपयोगी काही उरतच नाही. बिट पुरले नाहीत की गुलालाचे गुलाबी चौकोन होतात आणि गणपतीच्या मुकुटावरची नक्षी लापशीसारखी पसरते. त्याच जागेत गठ्ठ्याने बसवलेली शेजारची चॅनेलं त्या क्षणी शांत असतील तर त्यांचे उरलेले बिट इकडे वळवता येतात. पण एकाच गठ्ठ्यातल्या तीन चॅनेलांवर मिरवणूकच चालू असेल तर उसने बिट आणायचे कुठून?

माझं ठाम मत आहे की दाबण्याचं तंत्र सुधारून वाचलेली जागा या वर्षांत चित्राला फारशी मिळालीच नाही, ती चॅनेलांची संख्या वाढवण्यात गेली. त्यातही मराठी रांगेत मागे राहिली. हिंदी-इंग्रजी मनोरंजन वाहिन्या 2011 साली एचडीत आल्या, स्टार प्रवाह आणि झी मराठी 2016 साली. 2019च्या ट्राय या नियामकाच्या दररचनेत तर एक एचडी चॅनेल दोन साध्या चॅनेलांइतकं मोजलं गेलं. वास्तविक एचडी चित्राचे 1920 गुणिले 1080 बिंदू साध्या चित्राच्या 720 गुणिले 576च्या नेमके पाचपट भरतात. ग्राहकाला बिलावर चॅनेलची किंमत दिसते, पण त्याला किती मेगाबिट दिलेत हे दिसत नाही. ते छापायलाच हवं.

एमपेग-4च्याही जवळपास निम्म्या बिटांत तेवढंच चित्र देणारं एचईव्हीसी 2013 सालीच प्रमाणित झालं. पण एमपेग-4चा बॉक्स ते वाचू शकत नाही, आणि आता गळ्यात असलेले लाखो बॉक्स एमपेग-4चे आहेत.