परमुलखातील शेतीशिक्षक

अमरावती जिल्ह्याची पूर्वेकडील हद्द वर्धा नदीपाशी संपते. पलीकडच्या तीरावर वर्धा जिल्हा लागतो. दोन्ही तीरांवर जमीन काळी. पूर्वी मुख्य पिकेही तीच, कापूस आणि ज्वारी. या मुलखातील एक पुरुष दूर मेक्सिको देशात शेतीचा शिक्षक झाला. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. मायभूमी स्वतंत्र करण्याचा ध्यास घेऊन ते तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. तेथेच १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या कार्यात ते पुढे होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ते इंग्रजांविरुद्ध लढले. अशा क्रांतिकारकाला मायदेशाचे दार बंद झाले. १९२४ मध्ये ते मेक्सिकोस गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले.

परक्या देशात रुजावयाचे, तर आधी स्वतः विद्यार्थी व्हावे लागते. तेथील भाषा स्पॅनिश. तिच्यावाचून वर्ग चालणे अशक्य. तेथील अन्न मका. त्याचे मूळ घरच मेक्सिको. तेथील गृहिणी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवीत, आपल्या पाट्यासारख्या दगडावर वाटीत आणि तव्यावर पातळ, गोल भाकरी भाजीत. तिला तोर्तिया म्हणतात. चुन्यामुळे दाण्यांची साले सुटतात आणि मक्यातील सत्त्व अंगी लागते. ज्वारीच्या मुलखातील या शिक्षकाने मका आपलासा केला. मका व गहू यांचे अधिक चांगले वाण मिळावेत म्हणून त्यांनी प्रयोग केले. मक्याचा एक रानटी भाऊबंद तेथे उगवतो. त्याच्याशी मक्याचा संकरही त्यांनी घडवून आणला.

मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांतीला आरंभ झाला होता. पुढे मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना मिळू लागल्या. परंतु केवळ जमीन हाती आल्याने कणगी भरत नाही. बियाणे कोणते निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, हेही कळावे लागते. गरीब शेतकरी हातचे काम टाकून विद्यालयात कसा येणार? म्हणून खानखोजे यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढण्यात पुढाकार घेतला. अशा रीतीने विद्या शेताच्या बांधापर्यंत पोहोचली.

दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र रंगविले आहे. त्यात अनेक माणसे एका मेजाभोवती जमली असून खानखोजे भाकर मोडून वाटताना दिसतात. एका परदेशी शिक्षकाला त्या देशाने याहून मोठा कोणता मान द्यावा?

भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये खानखोजे मायभूमीस आले. पुढे ते नागपुरास स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

आपल्या मातीची सेवा करण्याची संधी दैवाने त्यांना ऐन उमेदीत दिली नाही. तेव्हा ज्या मातीने आसरा दिला, तिचीच त्यांनी सेवा केली. भुकेल्याच्या मुखी घास पडावा ही तळमळ असली, म्हणजे कोणतीही भूमी परकी राहत नाही.