सिंकखालची दोन इंच पाण्याची भिंत

स्वयंपाकघरातल्या सिंकखाली वाकून पाहिलं, तर पाइप सरळ खाली जात नाही. तो आधी एक वळसा घेतो आणि मग भिंतीत शिरतो. भांडी घासून झाली, नळ बंद झाला, तरी त्या वळणात थोडं पाणी अडकून राहतं, आणि ते राहावं म्हणूनच पाइप वाकवलेला असतो. या वळणाला ट्रॅप म्हणतात. चांगल्या ट्रॅपमध्ये या पाण्याची खोली किमान 50 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते. एवढ्याशा पाण्याच्या अलीकडे आपलं घर आणि पलीकडे इमारतीचा पाइप, आवारातलं चेंबर आणि रस्त्याखालचं गटार. सिंक बहुतेक वेळा तुंबतं तेही इथेच. घरातली सर्वांत तापदायक जागा आणि सर्वांत मोलाची जागा एकच असावी, हे या साध्या वस्तूचं नवल आहे.

वळणाची कल्पना एका घड्याळजीची. लंडनमध्ये घड्याळं बनवणारा स्कॉटिश कारागीर अलेक्झांडर कमिंग याने 1775 साली पाणी सोडून धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यात इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला पाइप होता. त्या काळी रोगराई दुर्गंधीतून पसरते अशी पक्की समजूत होती, त्यामुळे घाण वास अडवला की आजार अडला, असा साधा हिशेब. समजूत चुकीची निघाली, पाइप मात्र टिकला. पुढे जंतूंचा शोध लागला, वैद्यकशास्त्र बदललं, तरी पाणी अडवणारं वळण कायम राहिलं.

त्याची खरी किंमत कळली ती हाँगकाँगमध्ये. मार्च 2003 मध्ये सार्सची साथ सुरू असताना अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले, आणि त्यांतले बरेचसे एकाच इमारतीतले होते. तपासात दिसलं, की अनेक बाथरूमांच्या जमिनीवरच्या ट्रॅपमधलं पाणी आटून गेलं होतं. लोक बाथरूम धूत नव्हते, नुसती पुसून घेत होते. वाट मोकळी झाली आणि बाथरूमचा पंखा लावला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा विषाणूंसकट घरात ओढली जाऊ लागली. मग तिथल्या प्रशासनाने लोकांना सांगितलं ते इतकंच, की आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत अर्धा लिटर पाणी ओता.

मे महिन्यात गावी जाऊन आल्यावर बंद घराचं दार उघडताच जो वास येतो, तो याच आटलेल्या पाण्यामुळे. निघण्यापूर्वी मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडं तेल सोडलं, तर तेलाच्या तवंगाखाली पाणी बरेच दिवस टिकतं. ज्या तेलाला पुढे दोष द्यायचा आहे त्याचीच इथे शिफारस करावी लागते, त्याला इलाज नाही.

आता तुंबण्याकडे. सिंक खरकट्यामुळे तुंबतं असं आपण धरून चालतो, आणि ते अर्धंच खरं आहे. भाताची शितं, चहाचा चोथा, परातीला लागलेली कणीक ही नुसती भर असते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट लागतं, आणि ते पाइप स्वतःच तयार करत असतो. कढईचं तेल, तुपाचा हात, रश्शाचा तवंग गरम पाण्याबरोबर आत जातात तेव्हा पातळ असतात. पुढे पाइप गार असतो. खोबरेल 25 अंश सेल्सिअसखाली गेलं की थिजतं. वनस्पती तूप तर त्याच्याही आधी. पण शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल आपल्या हवेत कधीच थिजत नाही, तरी त्याने पाइप का भरतो?

उत्तर साबणाच्या रसायनशास्त्रात आहे. मिशेल युजेन शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की चरबी किंवा तेल फुटलं की त्यातून मेदाम्लं सुटतात आणि ती अल्कलीशी जोडली गेली की साबण होतो. सोडियमशी जोडली तर पाण्यात विरघळणारा, अंगाला लावायचा साबण. कॅल्शियमशी जोडली तर मात्र न विरघळणारा, राखाडी-पांढरा, मेणचट पदार्थ. बोअरच्या पाण्याने आंघोळ करणाऱ्यांना तो नवा नाही. साबण फेसत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरका थर बसतो, तो हाच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2011 साली गटारांत साचणारे कडक थर तपासले, तेव्हा त्यांतही मुख्यतः हाच कॅल्शियमचा साबण सापडला. तेल, ते फोडणारे जंतू आणि कॅल्शियमयुक्त जड पाणी एकत्र आले, की सिंकखाली छोटासा साबणाचा कारखाना सुरू होतो. त्यात आपल्याकडच्या भांड्यांच्या वडीत भर म्हणून घातलेली दगडाची बारीक भुकटीही तळाशी बसत जाते.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर लंडनच्या व्हाइटचॅपल भागात जावं लागेल. सप्टेंबर 2017 मध्ये तिथल्या गटारात 250 मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा असा गोळा सापडला. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला होता, आणि लोक तो पाहायला गेले. उरलेल्यातल्या काही भागाचं बायोडिझेल झालं.

घरच्या सिंकसाठी पहिला उपाय रबरी पंपाचा. दुकानात प्लंजर म्हणून मागा. त्याचा थोडा हिशेब मांडला तर बराच उलगडा होतो. सिंक भरलेलं असताना बोळ्यावर अर्धा मीटर पाणी उभं आहे असं धरू. 40 मिलिमीटरच्या पाइपात त्याचा भार जेमतेम सव्वासहाशे ग्रॅम होतो. दहा सेंटिमीटर व्यासाचा पंप 15 किलोच्या जोराने दाबला, तर बोळ्यावर आणखी सुमारे 2.4 किलोचा भार पडतो. म्हणजे चौपट, पण डोंगर हलवण्याइतका नाही. खरं काम होतं ते दाबण्या-ओढण्याच्या झटक्यांनी. पाणी मागे-पुढे हलतं आणि बोळा कडेपासून सुटत जातो. म्हणून एकदाच अंगाचा सगळा जोर लावण्यापेक्षा पंधरा-वीस भराभर झटके बरे. पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी सिंकमध्ये हवं, कारण आत हवा राहिली तर तीच दबते आणि पाणी जागचं हलत नाही. बेसिनला वरच्या बाजूला जादा पाण्याचं भोक असेल, किंवा सिंक दोन कप्प्यांचं असेल, तर ती दुसरी वाट ओल्या फडक्याने गच्च बंद करायची. बहुतेकांचा पंप फुकट जातो तो इथे.

पंपाने भागलं नाही तर प्लंबर स्प्रिंग घालतात. लवचिक तारेचं वेटोळं फिरवत आत सारायचं, टोकाला बोळा अडकला की ओढून काढायचा. यंत्राने फिरणारी अशी स्प्रिंग अमेरिकेतल्या सॅम्युअल ब्लँक याने 1930च्या दशकात बनवली, आणि तिला कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर लावली. आपल्याकडे सायकलच्या ब्रेकची वायर किंवा बांबूची कामटी हेच काम करत आली आहे. कामटीने मात्र बोळा सुटण्याऐवजी पुढे ढकलला जाण्याची भीती असते, आणि मग तो भिंतीत जाऊन बसतो.

रसायनांबद्दल माझं मत चांगलं नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फसफस जोरात होते, बघायलाही गंमत वाटते. पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. कॉस्टिक सोडा खरोखर परिणाम करतो. तो केस आणि ताजी चरबी फोडतो, पण जुन्या कॅल्शियमच्या साबणापुढे त्याचं फारसं चालत नाही. पाण्यात पडताच तो स्वतः प्रचंड तापतो, आणि पुरत्या तुंबलेल्या पाइपात तो पुढे न सरकता तिथेच उकळत बसतो. नंतर पंप मारणाऱ्याच्या तोंडावर उडतो तो हाच. संडास साफ करायचं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तर जिवावर बेततं. उकळतं पाणीही पीव्हीसीच्या पाइपात ओतू नये. साठेक अंशांपुढे तो मऊ पडू लागतो.

म्हणून सर्वांत चांगला उपाय म्हणजे ट्रॅप उघडणे. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या गटारांवर उचलता येतील अशी झाकणं होती आणि अधूनमधून गाळ बसण्यासाठी खड्डे. गटार तुंबणारच, हे धरूनच ती बांधली होती. आज कित्येक घरांत ट्रॅप असलाच तर तो फरशीने किंवा कपाटाने बंद केलेला असतो. अनेक ठिकाणी तर ट्रॅपच नसतो. सिंकपासून निघालेला वळ्यावळ्यांचा प्लॅस्टिकचा पाइप भिंतीतल्या भोकात खुपसलेला असतो आणि भोवती फडकं कोंबलेलं. त्या प्रत्येक वळीत तेल साचतं, आणि झुरळं फडक्याशेजारून येतात. असा पाइप बदलून गुळगुळीत पाइप आणि बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप बसवणं हा खर्च सार्थकी लागतो.

उघडण्यापूर्वी एक खात्री करावी. सिंक वापरताना मोरीतूनही पाणी वर येत असेल, तर दोष सिंकचा नाही, पुढच्या पाइपाचा किंवा चेंबरचा आहे. तळमजल्यावरच्या सिंकमध्ये वरच्यांच्या भांड्यांचं पाणी चढतं ते त्यामुळे, आणि सोसायटीच्या सभेत कितीही आवाज चढवला तरी ते पाणी काही उतरत नाही. चेंबरच उघडावं लागतं.

नाहीतर खाली बादली ठेवून ट्रॅपची चकती हाताने फिरवावी. आधी काळपट पाणी येतं, कुजक्या अंड्यांचा वास घेऊन. हवा नसलेल्या जागी वाढणारे जिवाणू त्या वासाचा वायू सोडतात. मग एक घट्ट गोळा पडतो. तो काठीने उकलला तर थर दिसतात: बाहेर काळी बुळबुळीत साय, आत राखाडी-पांढरा मेणासारखा भाग, आणि त्यात रुतलेली शितं, कोथिंबिरीच्या काड्या, घासणीचे धागे. हा गोळा पुन्हा सिंकमध्ये धुऊ नये, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. ट्रॅप जुन्या टूथब्रशने घासून परत लावताना रबरी वायसर सरळ बसला आहे ना, हे पाहायचं. चकती हातानेच घट्ट करायची. पान्याने आवळली की प्लॅस्टिकचे आटे जातात. मग सिंकभर पाणी एकदम सोडून ट्रॅपखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. सांधा गळत असेल तर दहा मिनिटांत कागद ओला होतो, आणि तेव्हा बहुधा वायसरच नवा घ्यावा लागतो.