रबरी गांडुळाची थोरवी

टेक्सासमधल्या मासेमारीच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरलं की पहिली काही मिनिटं माणूस नुसता भिरभिरतो. भिंतीच्या भिंती आमिषांनी भरलेल्या असतात. गरगर फिरणारी पाती, पोटात खुळखुळ वाजणारे प्लॅस्टिकचे मासे, झालरी लावलेले बेडूक, आणि रंग तर असे की होळी फिकी पडावी. माझं जुनं मत आहे की यातला निम्मा माल माशाला फसवण्यासाठी बनलेलाच नसतो, तो गिऱ्हाईकाला फसवण्यासाठी बनलेला असतो. या झगमगाटात एका खुंटीवर दुकानातली सगळ्यात स्वस्त आणि दिसायला सगळ्यात ओंगळ वस्तू लटकत असते. रबरी गांडुळांची पिशवी. रबरी आपलं बोलायला, माल असतो मऊ प्लॅस्टिकचा. हा लेख मनापासून लिहायचा तर त्या पिशवीवरच लिहावा लागेल. संपादकांनी ‘होडी कशी निवडावी तेही सांगा’ असं बजावलंय, म्हणून होडीही येईल.

ओळखपाळख उरकून टाकतो. इथे बास म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट पाठ, कुशीवर काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. मूळचा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला. 1802 मध्ये लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची शास्त्रीय नोंद केली. 1881 मध्ये डॉ. जेम्स हेन्शल यांनी त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ट्राउटपुढे दुसरं काही न सुचणाऱ्या गळवाल्यांना बासकडे वळवलं. 1967 मध्ये रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्याने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. पुढे त्याने संघटना उभारली आणि या छंदाचा धंदा झाला. झाला इतिहास.

आता माशाकडे वळू. टेक्सासमध्येही एक अथेन्स आहे. तिथे राज्याच्या वन्यजीव खात्याचं गोड्या पाण्यातल्या माशांचं मोठं केंद्र 1996 पासून चालू आहे. प्रचंड काचेच्या टाकीत पाणबुड्या उतरतो आणि मासे भरवतो. पोराटोरांच्या गर्दीत मी काचेला नाक लावून ते पाहिलंय, आणि शंभर व्हिडिओ पाहून कळलं नसतं ते तिथे कळलं. बास चावत नाही. तो जवळ येतो, थबकतो आणि एकदम तोंड व कल्ले उघडतो. त्या पोकळीत पाणी आत खेचलं जातं आणि पाण्याबरोबर घासही. पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. घास पटला नाही तर तितक्याच वेगाने बाहेर. आमच्या रायगडकडच्या खाडीतला जिताडा याच पद्धतीने खातो. लहानपणी काकांबरोबर गरवायला गेलेल्या कुणालाही ती ‘डब्ब’ अशी ओढ आठवेल.

सगळी युक्ती या एका गोष्टीतून निघते. बास पाठलागापेक्षा दबा धरणं पसंत करतो. बुडालेलं खोड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याखालची सावली, अशा जागी तो वाट पाहत उभा असतो. थंड रक्ताचा प्राणी, त्यामुळे पाणी गार असेल तर त्याच्या हालचाली मंदावतात आणि आमिषही मंद चालवावं लागतं. वसंतात पाणी सोळा-सतरा अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की नर उथळात शेपटीने जागा साफ करून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि पहारा नर देतो. त्या दिवसांत घरट्याजवळ काहीही टाका, तो भुकेने नव्हे तर रागाने उचलतो. पुष्कळ लोक तेव्हाच मासे धरतात. कायदा बहुतेक ठिकाणी अडवत नाही, पण मला ते पटत नाही. अंड्यांवर बसलेल्या बापाला डिवचण्यात कसलं आलंय कौशल्य?

तर गांडूळ. 1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे निक क्रीम नावाच्या कारागिराने बायकोच्या मदतीने घरच्या शेगडीवर प्लॅस्टिक, तेल आणि रंग घोटत मऊ, लवचिक गांडूळ ओतलं. आधी ते टपालाने विकलं, मग धंदा वाढल्यावर टेक्सासमधल्या टायलर गावी कारखाना काढला. त्याआधीची बहुतेक आमिषं लाकडाची किंवा धातूची. ती तोंडात जाताच माशाला खोटेपणा कळे. मऊ गांडूळ तो क्षणभर जास्त तोंडात धरतो, आणि गळवाल्याला तेवढा क्षण पुरतो.

मग या गांडुळाला ओवण्याची ती पद्धत निघाली जिला जगभर ‘टेक्सास रिग’ म्हणतात. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छिद्राचं वजन ओवायचं. तीन-चार ग्रॅमपासून दहा ग्रॅमपर्यंत, जितकं हलकं चालेल तितकं. मग मानेत मोडलेला गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून अर्धा सेंटिमीटर आत घालून बाजूने काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. वाकडं ओवलं तर ते पाण्यात गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो. टोक लपलेलं असल्यामुळे हे आमिष फांद्यांतून आणि शेवाळातून न अडकता जातं, म्हणजे थेट माशाच्या घरात.

टाकून झाल्यावर जे करायचं ते तरुणांना सगळ्यात अवघड जातं. काहीच करायचं नाही. गांडूळ बुडू द्यायचं, दोरी किंचित सैल आणि नजर दोरी पाण्यात शिरते त्या बिंदूवर. बरेच मासे आमिष खाली जात असतानाच घेतात. हाताला काही लागत नाही, दोरी फक्त एका बाजूला सरकते. तळ गाठला की दांडीचं टोक घड्याळातल्या नवावरून अकरावर न्यायचं, गांडूळ खोडावरून सरपटतंय हे बोटांना कळू द्यायचं आणि पुन्हा थांबायचं. टक-टक असा ठोका आला की दांडी खाली करून सैल दोरी गुंडाळायची आणि मग जोरात ओढायचं. रंगांवर लोक वाद घालतात. मी स्वच्छ पाण्यात कलिंगडाच्या सालीसारखा हिरवा आणि गढूळ पाण्यात काळा-निळा वापरतो. बाकीचे रंग दुकानदाराच्या पोरांच्या शिक्षणासाठी.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण या माशाच्या विक्रमाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 2 जून 1932. मंदीचा काळ. जॉर्जियातला जॉर्ज पेरी हा विशीतला गरीब शेतकरी पावसामुळे शेतात काम नव्हतं म्हणून मित्राबरोबर माँटगोमेरी लेक नावाच्या डबक्यावर गेला. घरी ठोकलेली होडी आणि एक लाकडी आमिष. त्याला 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा बास लागला. टपाल कचेरीत वजन झालं, मासिकाच्या स्पर्धेत नाव गेलं आणि मासा घरी शिजला. पेंढा भरून ठेवणं वगैरे चैन कुणाला परवडत होती! हा विक्रम तब्बल 77 वर्षं टिकला. 2 जुलै 2009 रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता याने थोडा जास्त वजनाचा मासा पकडला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंसांची आघाडी लागते, ती नव्हती. म्हणून आज दोघांची नावं बरोबरीने लागतात. मौज अशी की जपानमध्ये बास हा परका, स्थानिक माशांचा फडशा पाडणारा उपद्रवी मासा आहे आणि बिवात तो पकडून परत सोडायला बंदी आहे.

साधनांचं थोडक्यात. आडव्या रिळाची चक्री हे केंटकीतल्या घड्याळजींचं देणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज स्नायडर या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने ती घडवली. अजूनही चांगलं रीळ हातात घेतलं की त्यात घड्याळाचा काटेकोरपणा जाणवतो. मात्र फेकताना अंगठ्याचा दाब चुकला तर दोरीचा असा गुंता होतो की कात्रीच काढावी. नवशिक्याने उभं स्पिनिंग रीळ घ्यावं. दोरीचे तीन प्रकार आहेत. साधी नायलॉन ताणली जाते आणि चुका पोटात घेते. फ्लुरोकार्बन बुडते आणि पाण्यात कमी दिसते. विणलेली जवळजवळ ताणलीच जात नाही, दाट शेवाळातून मासा उपटायला तीच हवी. गांडुळाला मी फ्लुरोकार्बन लावतो. दांडी सात फुटांच्या आसपास, कणखर पण टोकाला चपळ. खर्च करायचा असेल तर दांडीवर करा, कारण ठोका तिच्यातूनच कळतो.

आता होडी. 1948 मध्ये लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टला होम्स थर्मंडने प्लायवूडची ‘स्कीटर’ बांधली, ती बाससाठी खास घडवलेली पहिली होडी मानतात. 1968 मध्ये आर्कान्सातल्या फ्लिपिन गावात फॉरेस्ट वूडने ‘रेंजर’ काढली. 1978 मध्ये जॉनी मॉरिसने होडी, इंजिन आणि ट्रेलर एकत्र विकायला सुरुवात केली. आज चकचकीत फायबरग्लासची वीस-एकवीस फुटी होडी आणि मागे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन हे दृश्य इथल्या तलावांवर रोजचं आहे. ती ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळते. मला विचाराल तर पैसे घेऊन स्पर्धा खेळणाऱ्यांखेरीज ती कुणीच घेऊ नये.

सोळा-सतरा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची होडी घ्या. हलकी असते, साध्या गाडीमागे ओढता येते, खडकावर घासली तर पोचा येतो पण तडा जात नाही. तळ सपाट असेल तर ती वीतभर पाण्यातही शिरते आणि उभं राहिलं तर डुगडुगत नाही, पण लाटांत पाठ मोडते. मोठ्या उघड्या तलावावर जाणार असाल तर पुढचा भाग इंग्रजी ‘व्ही’सारखा हवा. घेण्याआधी काठावर उभं राहून कौतुक करू नका. पाण्यात उतरवा आणि दोघांनी एकाच बाजूला उभं राहून पाहा. जुनी होडी असेल तर इंजिनाआधी मागची फळी आणि ट्रेलरची चाकं, बेअरिंग तपासा. होडीवर ठोकलेली क्षमतेची पाटी वाचा. तिच्यावरची माणसं, वजन आणि अश्वशक्ती ही मर्यादा शोभेसाठी नसते.

आणि पुढच्या टोकाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीत काटकसर नको. खरी मासेमारी तिच्यावरच चालते. मोठं इंजिन फक्त जागेवर पोचवतं. टेक्सासच्या वाऱ्यात अशक्त मोटार म्हणजे दिवसभर होडी सावरणं. भरलेल्या होडीच्या दर शंभर पौंडांमागे निदान दोन पौंडांचा रेटा, हा जुना हिशेब मी वाऱ्यासाठी थोडा वाढवूनच धरतो. चालवताना लाइफ जॅकेट घाला आणि इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवा. 1 एप्रिल 2021 पासून अशा होड्यांना तिचा वापर कायद्यानेच सक्तीचा झाला आहे.

टेक्सासचा सगळ्यात नावाजलेला तलाव लेक फोर्क. 1980 मध्ये पाणी अडवलं तेव्हा आतली झाडं तशीच उभी ठेवली, म्हणून बासला दबा धरायला अख्खं जंगल मिळालं. 1992 मधला राज्याचा 18.18 पौंडांचा विक्रम तिथलाच. इथे 16 ते 24 इंचांमधला बास परत सोडावाच लागतो. 1986 मध्ये याच तलावातून निघालेली ‘एथेल’ नावाची मादी पैदाशीसाठी राज्याला मिळाली आणि मोठे मासे उसने देण्याची योजना तिच्यापासून सुरू झाली. पुढे ती मिझुरीतल्या एका दुकानाच्या काचटाकीत राहिली. 1994 मध्ये ती मेली तेव्हा तिची शोकसभा झाली. खोटं वाटेल, पण झाली.

सोडून देण्याचं हे प्रकरण घरी पटवणं मात्र कठीण. आई इथे आली होती तेव्हा चांगला दोन किलोंचा बास जबड्याला अंगठा लावून धरला, तिला दाखवला आणि पाण्यात सोडला. ती बघतच राहिली.

“सोडलास?”

“अगं, इथे सोडतात.”

“मग पकडलास कशाला? तो काय तुझ्याकडे पाहुणा आला होता?”

रे स्कॉटने 1972 मध्ये स्पर्धांतून मासे जिवंत सोडायचा आग्रह धरला आणि तळी टिकली, हे सगळं मी सांगून पाहिलं. तिने एवढंच विचारलं की याचं कालवण कसं होतं. चांगलं होतं, नियमात बसणारा छोटा मासा आणून तिला खाऊ घातला. आगळ आणि तिरफळ तिने सोबत आणलेलंच होतं.

उन्हाळ्यात मुलांकडे येऊन दिवसभर खिडकीत बसणाऱ्या आईवडिलांना म्हणून एक सांगणं. टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही. अनेक उद्यानांत गळ-दांडी फुकट उसनीही मिळते. जूनच्या पहिल्या शनिवारी तर राज्यभर कुठल्याही सार्वजनिक पाण्यावर विनापरवाना चालतं. गांडुळांची पिशवी तेवढी विकत घ्या, आणि रंग हिरवाच घ्या.