ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट : बिघाड घरच्या घरी कसा ओळखावा?

जामनेर तालुक्यातील पहूर परिसरात मे महिन्यात उन्हाचा पारा पुष्कळदा ४४ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी कपाशीच्या रानाची मशागत याच उन्हात उरकावयाची असते, आणि इंजिनावर सर्वांत अधिक ताण पडतो तोही याच वेळी. इंजिन तापते, रेडिएटरमधील पाणी रोज घटते. परंतु काम थांबू नये म्हणून पुन्हापुन्हा पाणी ओतून ट्रॅक्टर हाकला जातो. हेड गॅस्केट निकामी झाले असेल, तर थोडक्या खर्चात निभावणारा हा बिघाड संपूर्ण इंजिन खोलण्यापर्यंत जातो. त्या ट्रॅक्टरच्या भाड्याच्या मशागतीवर अवलंबून असलेल्या लहान शेतकऱ्यांची पेरणीही त्यामुळे लांबते.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्या सांध्यात बसविलेला पातळ पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. सिलिंडरमधील तप्त वायू, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल यांना एकमेकांत मिसळू न देणे, हे त्याचे काम. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. इंजिन अति तापून हेड किंचित वाकले, अथवा बोल्ट सारखे आवळलेले नसले, की या दाबाने गॅस्केट फुटते. यालाच मिस्त्री ‘गॅस्केट उडाले’ असे म्हणतात.

प्रथम साधी कारणे तपासावीत

इंजिन तापले म्हणजे गॅस्केटच गेले, असे समजू नये. रेडिएटरच्या जाळीत धूळ व काडीकचरा अडकला आहे काय, पंख्याचा पट्टा सैल आहे काय, रबरी नळी किंवा पाण्याचा पंप गळतो काय, हे आधी पाहावे. ही कारणे नसतील, तर सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पुढील तपासणी करावी. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडून गंभीर इजा होते.

चार तपासण्या

१. तेल : तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसत असेल व त्याची पातळी वाढली असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. खात्रीसाठी, रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या चेंबरचा खालचा बोल्ट थोडा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे साचलेले पाणी प्रथम बाहेर येते.

२. बुडबुडे : झाकण काढून, पाणी भरून, इंजिन थोडा वेळ चालू करावे. पंख्यापासून दूर उभे राहावे आणि पाणी तापण्यापूर्वी इंजिन बंद करावे. प्रारंभीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असू शकतात. मात्र ते सतत येत राहिले व वेग वाढविताच वाढले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत असल्याचे समजावे.

३. धूर : थंड इंजिनाचा पांढरा धूर काही काळ दिसणे स्वाभाविक आहे. इंजिन चांगले तापल्यावरही वाफेसारखा पांढरा धूर येत राहिला आणि पाणीही घटत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याचा संभव असतो. डोळ्यांना झोंबणारा व डिझेलचा वास असलेला पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. त्याचे कारण निराळे.

४. सांधा : हेड व ब्लॉक यांच्या सांध्यावर पाण्याचे वा तेलाचे ओघळ, काजळी अथवा ‘फस् फस्’ असा आवाज आढळल्यास गॅस्केट बाहेरच्या बाजूस फुटले आहे.

एकाच खुणेवरून निर्णय करू नये. तेलात पाणी येण्याचे कारण लायनरच्या खालच्या रबरी रिंगा किंवा तडकलेले हेडही असू शकते. डिझेलच्या नळ्या सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहण्याची पद्धत घरी वापरू नये. दाबाखालील डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

निदान झाल्यावर

दुधाळ तेलावर इंजिन क्षणभरही चालवू नये. बेअरिंगे खराब होतात. सकाळी इंजिन फिरता फिरत नसेल, तर ट्रॅक्टर ओढून वा ढकलून चालू करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास हेड तडकण्याचा धोका असतो.

गॅस्केट बदलताना हेडची सपाटी तपासून घ्यावी. जुने गॅस्केट पुन्हा बसवू नये. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. तेल व फिल्टर बदलावेत. जुन्या ट्रॅक्टरच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. म्हणून ते ओले करूनच काढावे, कोरडे खरवडू नये.

इंजिन का तापले, ते कारण दूर केल्यावाचून नवे गॅस्केटही टिकणार नाही. याकरिता मशागतीच्या दिवसांत रेडिएटरची जाळी रोज साफ करावी, विहिरीच्या जड पाण्याऐवजी कंपनीने सांगितलेले शीतक वापरावे आणि सकाळी ट्रॅक्टर काढण्यापूर्वी पाणी व तेल पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या चार तपासण्या मशागतीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ट्रॅक्टरधारकांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. वेळीच थांबविलेला ट्रॅक्टर पेरणीपूर्वी पुन्हा रानात उभा राहू शकतो.