पाणचक्कीचे पाणी

नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या आसपास कावड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसू लागल्या, की एसटीतली पोरे खिडकीकडे सरकतात. आपण त्यांना चक्की म्हणतो खरे, पण त्यांत दळत काहीच नाही, वीज होते. इंग्लंडात मात्र बाराव्या शतकापासून वाऱ्यावर खरेच धान्य दळत. सरे परगण्यात आउटवुड येथे १६६५ सालची लाकडी पवनचक्की अजून उभी आहे. एका जाड खांबावर अख्खे घर तोललेले. वारा फिरला की चक्कीवाल्याने मागची लांब तुळई ढकलत ते घरच वाऱ्यासमोर आणायचे. तिच्याविषयी वाचताना मनात आले, आपल्याकडे जाते माणसाच्या हातून सोडवण्याचा खटाटोप कोणी केला होता का?

उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींचा दर्गा आहे. त्याच्या आवारातली पाणचक्की निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरच्या तुर्कताज खानाने बांधवली, असे मानतात. तिचे पीठ दर्ग्यातले फकीर, विद्यार्थी आणि वाटसरू यांच्या भाकरीसाठी असे.

बहुतेक प्रवासी दगड फिरताना पाहतात आणि पुढे जातात. खरी गंमत त्या दगडाखाली आहे. तिथे पात्यांचे चाक आडवे बसवलेले असते, भोवऱ्यासारखे. पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो, चाक फिरते. चाकाचा उभा कणा खालच्या दगडाच्या भोकातून वर येऊन वरच्या दगडात अडकलेला असतो. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. आपल्या घरच्या जात्यासारखाच, फक्त खुंट्याऐवजी कणा. चाकाचा एक फेरा, दगडाचा एक फेरा. इंग्रजी पवनचक्कीत पाती उभी आणि दगड आडवा, त्यामुळे फिरण्याची दिशा बदलायला दातेरी चाकांची जोडी लागते आणि ते दाते झिजतात. इथे दातेच नाहीत. दोन्हीकडे सारखी एकच गोष्ट, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची.

पण ही कारागिरी सुतार-पाथरवटाच्या आवाक्यातली होती. अवघड होते ते पाणी आणणे. हरसूलच्या बाजूला उंचावर असलेल्या विहिरीचे पाणी जमिनीखालच्या बंद नळातून काही किलोमीटर चालवत आणले आहे. बंद नळातले पाणी उगमाच्या पातळीपर्यंत पुन्हा चढू पाहते, एवढ्या एका नियमावर सारे उभे आहे. वाटेत ठिकठिकाणी मनोरे आहेत. नळात कोंडलेली हवा त्यांतून निघून जाते आणि पाण्याचा दाबही आटोक्यात राहतो. शेवटी पाणी भिंतीत सुमारे २० फूट चढते आणि तिथून कोसळते.

त्या पडण्याची किंमत मी एकदा वहीत मांडली. सेकंदाला १० लिटर पाणी ६ मीटरवरून पडते असे धरले, तर जवळपास ६०० वॅट शक्ती मिळते. निम्मी वाया गेली तरी ३०० उरते. सतत राबणारे माणूस तासन्‌तास ७५ वॅटच्या आसपास टिकते. म्हणजे चार बाया, न थांबता, रात्रंदिवस. माझी आई पहाटे दोघा-तिघांपुरते दळून उठायची तेव्हा तिच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे असत. त्यामुळे हा हिशेब मला निव्वळ आकड्यांचा वाटत नाही.

ही पाण्याची विद्या औरंगाबादेत आली कुठून? तिथली पहिली मोठी नहर मलिक अंबरची. त्याने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत तिला पाणी दिले. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर चंगीजखान याच्या घरी वाढला, म्हणजे आमच्या नगरच्या दरबारात. नगरात तेव्हा कापूरवाडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी येत होते. १५८३ साली पुऱ्या झालेल्या फराहबागेचा तलावही अशाच पाण्याने भरे. अंबरने हे डोळ्यांनी पाहिले असणारच. तो कित्ता त्याने खडकीत गिरवला, असे माझे मत आहे. पाणचक्की त्यानंतर शतकभराने आली, पण पाणी खेळवायची रीत तीच.

म्हणूनच आज दुरुस्ती फक्त चक्कीची होते तेव्हा मला हसू येत नाही. नहरीच्या मार्गावर वस्ती वाढली, नळ फुटले, गळती लागली. उगमाकडून पाणी येत नसेल तर चाक रंगवून उपयोग काय? नगरात तर बहुतेक नहरी रस्त्यांखाली आणि घरांच्या पायाखाली गेल्याच.

दहा-बारा वर्षांपूर्वी शहरात एका घराच्या पायाच्या खोदाईत खापरी नळ निघाले. मजूर ते ढिगाऱ्यावर टाकत होते. एक तुकडा मी मागून आणला. तो माझ्या टेबलावर आहे. आतून बोट फिरवले की पाण्याने साठवलेला चुन्याचा खरखरीत थर अजून हाताला लागतो.