माणसाचे कलम

डिसेंबर 2002 च्या अखेरीस ‘ईव्ह’ या पहिल्या क्लोन मुलीची बातमी आली, तेव्हा काय धुरळा उडाला होता ते सांगायला नकोच. पुढच्याच महिन्यात मालवणात ‘निपुत्रिकांसाठी क्लोनिंग’ या विषयावर व्याख्यान होते आणि खुर्च्या मांडण्यापासून आभार मानण्यापर्यंतची सगळी कामे माझ्याकडे होती. वक्ते मुंबईचे डॉक्टर. विंगेत मला म्हणाले, “क्लोन म्हणजे काय, हे समजावण्यातच अर्धा तास जाणार बघा.” व्यासपीठावर जाऊन त्यांनी सांगितले की, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डहाळी. पुढच्या रांगेतून देवगडचे एक बागायतदार बसल्या जागेवरूनच बोलले, “म्हणजे कलम! ता आमी आज्यापासून बांदतंव.” डॉक्टरांनी पहिली सहा पाने न वाचताच उलटली.

खरा कार्यक्रम रंगला तो नंतर, मागच्या खोलीत, चहा-भज्यांवर. डॉली मेंढीसाठी कलमे किती बांधली, असे बागायतदारांनी विचारले. 277 बीजांडांवर प्रयोग झाला, त्यातून 29 गर्भ मिळाले, जगली एकटी डॉली, डॉक्टरांनी हिशेब दिला. “आमचा मेलेला कलम आमी पिशयेसकट उकिरड्यार टाकतंव. माणसाचा खंय टाकतलास?” धर्म, घटना, मानवी हक्क अशा सगळ्या आक्षेपांची उत्तरे डॉक्टर घोटून आले होते. उकिरड्याचे नव्हते. त्यांनी आणखी एक भजे घेतले.

बागायतदार थांबेनात. कलमात खुंट रायवळ आंब्याचा. त्याचा शेंडा छाटायचा, हापूसची काडी बांधायची आणि सांध्याखाली खुंटाने स्वतःचा फुटवा काढलाच तर तोही खुडायचा. आयुष्यभर पाणी ओढायचे त्याने, नाव मात्र हापूसचे. तशी माणसांत खुंट व्हायची पाळी कोणावर, असा त्यांचा सवाल. डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. भाड्याच्या मातृत्वावर तेव्हा आपल्याकडे कायदाच नव्हता. तो आला 2021 मध्ये.

वेंगुर्ल्याच्या सिंधू आंब्याचा विषय मीच काढला, आणि तो माझ्याच अंगाशी आला. तिथल्या फळ संशोधन केंद्राने रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या या आंब्याची कोय अगदी नावापुरती. याचा वंश कलमाशिवाय चालायचा कसा? म्हणजे वांझपणावर क्लोनिंगचा उपचार आपल्या जिल्ह्यात सरकारी खर्चाने राजरोस चालू आहे, मी ऐटीत म्हणालो. बागायतदार शांतपणे म्हणाले, “आंब्याक कोण इचारता, तुका आवशीसारख्या व्हायचा हा काय?”

मग डॉक्टरांनीही आपली पोतडी उघडली. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये जन्मलेली, देशातली पहिली मानली गेलेली टेस्ट ट्यूब बेबी हर्षा आणि तिच्यामागचे डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार, हे मुंबईकरांना पाठ आहे. पण कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी 3 ऑक्टोबर 1978 लाच ‘दुर्गा’ जन्माला घातली होती, तीही 53 दिवस गोठवून ठेवलेल्या गर्भातून. सरकारी चौकशी समितीने त्यांना खोटे ठरवले. प्रजननशास्त्रातल्या या माणसाची बदली कुठे झाली? नेत्रचिकित्सेच्या संस्थेत. 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवले. 1997 मध्ये त्यांची टिपणे कलकत्त्यात आनंदकुमारांच्या हाती आली. ती खोटी निघाली असती तर आनंदकुमारांचाच पहिला नंबर पक्का होता. त्यांनी ती वाचली आणि ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांना देऊन टाकला.

आणि ईव्ह? डीएनए चाचणी जुळवून आणणारे पत्रकार जानेवारी 2003 मध्येच बाजूला झाले. ती मुलगी आजतागायत कुणी पाहिलेली नाही. वहीत टिपणे असलेल्याला समिती भेटली, वही नसलेल्यांना पहिले पान.

निघताना बागायतदारांनी डॉक्टरांना शाल-श्रीफळाऐवजी हापूसचे एक कलम दिले. बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांचा फोन आला. झाड आंब्यांनी लगडले होते, पण सगळे रायवळ. काडी केव्हाच वाळून गेली होती, वाढला होता खुंट.

“चवीला कसे?” मी विचारले.

“चोखून खातोय,” डॉक्टर म्हणाले.