क्रँकशाफ्ट का तुटतो?

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हापुन्हा वाकवली की तुटते. हीच धातूची श्रांती. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस तुटू लागले, तेव्हा ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने तिचा पद्धतशीर अभ्यास केला.

मोटारसायकलचा क्रँकशाफ्टही असाच थकतो. पिस्टनच्या जडत्वाचे बल फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 6000 ऐवजी 9000 फेरे घेतले, तर वेग दीडपट. पण हे बल सव्वादोनपट! शिवाय दहा लाख फेरे दोन तासांच्या आतच पुरे होतात.

तुटलेला शाफ्ट हाती आला की आम्ही आधी तडा कोठे सुरू झाला ते शोधतो. बहुधा तो पृष्ठभागावर, आतल्या कोपऱ्यात सापडतो. म्हणून वेगवान इंजिनासाठी ओतीवऐवजी घडीव पोलाद निवडतात, कोपऱ्यांना गोलाई देतात आणि सुमारे 500 अंश सेल्सिअसला अमोनिया वायूत तापवून पृष्ठभागात नायट्रोजन मुरवतात. त्यामुळे पृष्ठभाग कठीण होतो, दाबाखाली राहतो आणि तडा सहज उघडत नाही.

इंजिनाची ताकद वाढवली, तर क्लच, गिअर आणि साखळीही तपासावी लागते. नाहीतर मोडण्याची जागा तेवढी बदलते.

वर्गात करून पाहू: दोन सारख्या तारांपैकी एकीला कानशीने खाच पाडू. कोणती किती वाकवण्यांनी तुटते?